रुईत निजवलेली लेकरं

पोरीचे ओठ निळे पडून राहिले होते अन् मी तिले आणखीनच रुईत दाबून राहिली होती.

मले वाटलं तिले थंडी वाजून राहिली. छाती आदल्या दिवसापासूनच घरघर करत होती, पण आमच्या घरी लेकराले सर्दी झाली का एकच दवा. ताजी पिंजलेली रुई तव्यावर कोमट करायची, छातीले लावायची, अन् लेकराले मशीनजवळच्या ढिगात गळ्यापर्यंत निजवायचं. माह्या सासरी गाद्यांचं दुकान हाये, अमरावतीले राजापेठेत, खाली दुकान अन् पिंजायची मशीन, वर आमी राहतो. सासूनं तिचे सगळे लेकरं असेच मोठे केले. गादीवाल्याचं लेकरू रुईतच बरं होते, असं ती म्हणे, अन् मी ऐके. मी आठवीपर्यंत शिकलेली, मले काय समजते.

मशीन चालू होती. लग्नसराईच्या आधीचं काम, ती बंद नसतेच राहत. पोरीचं पोट आत आत जाऊन राहिलं होतं, फासळ्यांच्या मधात खड्डा पडून राहिला होता, अन् सासू म्हणे अजून थोडी रुई घाल वं, घाम आला का सुटते. मी घातली. मंग लाइट गेली. मशीन थांबली, अन् तवा मले पहिल्यांदा पोरीची छाती ऐकू आली. बारीक शिट्टी वाजून राहिली होती, कुकर होत आला का वाजते तशी, पण आत ओढल्यासारखी.

मी तिले उचललं अन् पळाली. चप्पल घातली नाई. ट्युशनवाल्या पोरांच्या गाड्याइतून, भाजीच्या ठेल्याइतून, तशीच पळत लेकरांच्या डाक्टरकडे. केसात रुई, पदराले रुई, पोरीच्या भुवयांवर रुई. लोकाईले वाटलं असन हे कोणतं सोंग हाये.

डाक्टरनं तिच्या तोंडाले वाफेची मशीन लावली. रंग परत आला. मंग त्यानं चिमट्यानं तिच्या कानातून रुईचा पुंजका काढला, माह्यापुढे धरला, अन् इचारलं का हे काय हाये. मी सांगतलं. तो रागावला नाई, नुसता पाहात राह्यला, त्याचीच मले जास्त भीती वाटली. घरात कोणाले दमा हाये का, असं त्यानं इचारलं. तोवर सासू मागून येऊन पोचली होती. ती म्हणाली, "आमच्याकडे कोणालेच नाई. हिच्या मायकडचं पाहा."

मले मायकडचं काईच माहीत नव्हतं.

डाक्टर म्हणे माहीत करून घ्या, अन् तोवर लेकराले रुईपासून दूर ठेवा. तोंडात दम मारायचा पंप लिहून देल्ला. पण दूर म्हणजे कुठं? आमचा जिनाच दुकानातून जाते. घरी बोलणं झालं. सासूची बहीण वरूडले राहते, घराच्या मागं संत्र्याचा बगीचा हाये, हवा चांगली. सासू म्हणे पोरगी शाळेत जायची होईपर्यंत तथी राहू दे. मी म्हटलं मी बी जाते सोबत. तर गाद्याइच्या खोळी कोण शिवन? खोळी मीच शिवतो, अन् गादीले टाकेही मीच घालतो, सासूच्या डोळ्याले आता दिसत नाई. म्हणजे पोरगी वरूडले अन् मी राजापेठेत, असं ठरून राहिलं होतं. पोरीले तिसरं चालू होतं तवा.

नवरा वाईट नाई. त्यानं मले एकटीले बाजूला घेऊन सांगतलं, "तुह्या घरी कोणाले नव्हतं असं निघालं ना, तर मी बापाशी बोलतो. मशीन बडनेरा रोडले नेऊ. पण तुह्याकडचंच निघालं तर मी काय तोंड घेऊन बोलू?"

म्हून मी अकोल्याले गेली.

आता माह्या मायचं सांगतो. माय मी आठवीत असतानी काविळीनं गेली, तवाच माही शाळा सुटली. तिचा जन्म अकोल्याचा, पण वाढली ती मूर्तिजापूरले, तिच्या मामाकडे. तिची माय, म्हणजे माही आजी, अकोल्याच्या जिनात कामाले होती. जिन म्हणजे कापसातून सरकी अन् रुई वेगळी करायचा कारखाना. माय म्हणे, माह्या मायनं मले जिनापायी टाकून देल्लं. याच्यापेक्षा जास्त ती कधी बोलली नाई. आजी मेल्याचा निरोप आला तवा ती मातीलेही गेली नाई, भाकरी थापत होती ती थापतच राह्यली. मामा गेला, मामाचं घर इकलं, मूर्तिजापूरलेही आता आमचं कोणी नाई. मले पत्ता म्हणून येवढाच माहीत होता, जिनाच्या मागं.

पोरगी कडेवर घेतली, पंप पिशवीत घातला, बडनेऱ्याहून गाडीत बसली. अकोल्याले उतरून ऑटोवाल्याले म्हटलं जिनाच्या मागं जायचं. तो हसला. म्हणे बाई, अकोल्यात जिनंच जिनं होते, तुमाले कोणतं पायजे? एकाचे प्लॉट पडले, एकात खताचं गोदाम हाये, एकाचं लॉन झालं लग्नाचं. मागं लोकाईची जुनी वस्ती अजून कुठं हाये, असं मी इचारलं. तर म्हणे मंग लॉनवालं.

लॉनच्या फाटकावर प्लास्टिकच्या फुलाइची कमान होती, पण खांब जुने, लोखंडी, गंजलेले. चौकीदार जेवून राहिला होता. मी म्हटलं मले जिन पाहायचं हाये. तो म्हणे तुमी फारच उशिरा आल्या, ताई. पण मागची वाट त्यानंच दाखवली.

मागं खोल्याइच्या दोन रांगा हायेत, एकमेकीले पाठ लावून. मधात नळ, टोकाले बुद्धविहार. विहाराच्या ओट्यावर बाया तुरी निवडत होत्या. मी म्हटलं माही आजी इथं जिनात होती. एक जण वर न पाहता म्हणे, "सगळ्याइच्याच आज्या जिनात होत्या वं. तुही कोणती?"

मले आजीचं नाव माहीत होतं, ते सांगतलं. त्या नावाच्या तीन निघाल्या. एकीचा नातू ग्रामसेवक हाये, ती नसन. एक आंधळी होती. तिसरीले लेकरूच नव्हतं. मी म्हटलं माही माय मूर्तिजापूरले वाढली, मामाकडे. तवा ज्या बाईनं मले टोमणा मारला होता तिनं सूप खाली ठेवलं. म्हणे जिले लेकरू नव्हतं म्हणतात तीच. शेवटच्या खोलीत जा, तिच्यासोबतची बुढी अजून हाये.

बुढी बाजेवर बसून होती. वाळलेली, गालात गुळाचा खडा. ते मले मंग समजलं, जिनात बाया पाळीवर जायच्या आधी गूळ खात, धूळ खाली उतरते म्हणून. जिन बंद होऊन इतके वर्स झाले, पण बुढीची सवय गेली नाई. मी कोण ते सांगतलं. तिनं मले बस म्हटलं नाई, पाणी इचारलं नाई, पहिले येवढंच म्हणाली,

"मूर्तिजापूरची पोरगी. अजून हाये का ती?"

मी म्हटलं, मेली.

"किती मोठी होऊन मेली?"

म्हटलं, मी आठवीत होती.

"मंग जगलीच की वं," ती म्हणे, अन् गूळ या गालातून त्या गालात केला.

त्याच दिवशी मले परत यायचं होतं. पण बुढी म्हणे सगळं दाखवतो, अन् तिचं चालणं असं का एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जाईपर्यंत एक कहाणी होऊन जाये. चौकीदार तिले आडवत नाई. तो म्हणे ही रोजच येते मालकिणीसारखी. लॉनवर हिरवी चटई अंथरली होती, कोणाचा तरी साखरपुडा होता संध्याकाळी, अन् बुढी काठीनं त्या चटईवर रेघा ओढून सांगत होती. इथं कापसाच्या बैलगाड्या लागत, पार नदीच्या रस्त्यापर्यंत रांग. इथं बॉयलर. स्टेज हाये ना नवरा-नवरीचा, तथी प्रेस होती, गाठी बांधायची. अन् इथं, ती म्हणे, जेवणाचे टेबल लागतात तथी, आमची रांग. जिनाच्या एका मशीनीले एक बाई, समोरून कापूस टाकत राहायचा, सरकी खाली, रुई मागं. इतकी धूळ का शेजारच्या बाईचं तोंड दिसत नसे, तिच्या लुगड्याच्या रंगावरून ओळखायचं.

मी इचारलं लेकरं कुठं ठेवत.

"रुईत," ती म्हणे.

म्हणजे चालते लेकरं बाहेर चिंचेखाली, पण अंगावरचे लेकरं आत, मागं रुईचा ढीग पडे त्याच्या कडेले. गादीपेक्षा मऊ. मायले मान वळवली का दिसे. कोणाचंही रडलं तर जिचा हात मोकळा असन ती पाजे, आपलं-परकं नाई. थंडीच्या दिवसात तर लेकरं असे झोपत का उठवावं लागे. मालकही काई म्हणत नसे, रांग चालू राहे ना.

मले माह्या घरचा ढीग दिसून राहिला होता.

मंग काई लेकराईले शिट्टी लागे, बुढी म्हणे. सगळ्याइले नाई. काईले. बायाइले आवाजावरूनच समजे. तवा असे डाक्टर नव्हते, का असतीन तर आमच्यासाठी नव्हते. पण रांगेचा एक नियम होता. शिट्टीचं लेकरू जिनात ठेवायचं नाई, वस्तीतही नाई, कारण माय घरी येते तीच अंगभर रुई घेऊन. गावाकडे पाठवायचं, मामाकडे, मावशीकडे, जिकडे कापसाचं काम नाई तिकडे. ज्या बायाईनं पाठवलं त्याइचे जगले. ज्याईनं नाई पाठवलं त्याईनं नदीवर पुरले.

"तुह्या आजीनं पहिलं नाई पाठवलं," ती म्हणे. "पोरगा होता. आज पाठवतो, उद्या पाठवतो. म्हून दुसरी झाली अन् शिट्टी वाजली, तर तिनं तिसऱ्या दिवशी भावाले बोलावून घेतलं. अंगावरची होती. दूध बांधलं अन् पाळीवर आली."

मी म्हटलं मंग माह्या मायले हे कोणी सांगतलं काहून नाई.

बुढी म्हणे एकदा गेली होती तुही आजी. सुट्टीच्या दिवशी, नाहून-धुऊन, नवं लुगडं नेसून. पोरगी दोन-अडीच वर्साची, गळ्यात पडली. संध्याकाळी पोरीची छाती भरली. अंबाड्यात रुई राहतेच, कितीही धुवा. मंग ती घरी कधी गेली नाई. मूर्तिजापूरच्या स्टेशनवर जाये, भाऊ पोरीले घेऊन पलीकडच्या फलाटावर उभा राहे, ही इकडून पाहे अन् परतीची गाडी धरे. पोरीले वाटे मामा रेल्वे दाखवाले नेते.

"अन् सांगणार काय लेकराले," ती म्हणे, "का तुही माय तुले भोवते? मोठी झाल्यावर सांगू म्हणे. मोठी झाली तर ती हिचं नाव ऐकून घेईना."

हे सगळं बुढी तुरी निवडल्यासारखं सांगत होती. मले रडू आलं नाई. मले खरं म्हणजे एकच इचारायचं होतं, ज्याच्यासाठी मी आली होती. आजीले दमा होता का. बुढी म्हणे दम्यानंच मेली. मी म्हटलं मंग हे आमच्या रक्तातच हाये. ती खोकली, मंग हसली. "रक्तात हाये म्हणे. साऱ्या रांगेचं रक्त एकच होतं का वं? पाह्य, मी कशी धापत बोलून राहिली." अन् सांगतलं का सुट्टी झाल्यावर दुसऱ्या दिवशी पाळीवर गेलं का सगळ्याइचीच छाती आवळे, जणू कोणी दोर बांधला, अन् दोन-तीन दिवसात सवय होई. सगळ्याच धापत धापत म्हाताऱ्या झाल्या, ज्या झाल्या त्या.

तिनं माह्या भल्यासाठीच सांगतलं. मी ते तसंच घेऊन अमरावतीले आली असती तर मशीन बडनेरा रोडले गेली असती. पण माही शाळा आठवीत सुटली तरी येवढं समजते. म्हाताऱ्या रुईनं धापल्या, बरोबर. पण ढिगाच्या कडेले सगळ्याइचे लेकरं निजत, अन् शिट्टी काईलेच लागे. आजीचे दोन होते, दोघाइलेही लागली. दुसरी माही माय. अन् आता माही.

दोन दिवस मी बुढीच्या खोलीत राह्यली. पोरगी त्या हिरव्या चटईवर पळे, चौकीदाराच्या खुर्चीखाली लपे. पंप पिशवीतून काढायची गरज पडली नाई. मी तिच्या छातीले कान लावून पाहे, बुढी म्हणे तू तिले झोपू तर दे. मी म्हटलं आवाजच नाई येऊन राह्यला. ती म्हणे, "कुठून येईन? रुई गेली, जिन गेलं, आता इथं हवाच हाये, पोट भरत नाई तिनं, पण हाये."

मंग नवऱ्याचा फोन आला. काई निघालं का, त्यानं इचारलं. मी सांगतलं जे होतं ते. मायले लहानपणी होतं, मायच्या भावाले होतं, तो मेला. रुईचंही सांगतलं, ढिगाचं, सगळ्या रांगेचं. म्हटलं डाक्टरले दोन्ही सांगू. त्याच्या मागं मशीन चालू होती, मले फोनात ऐकू येत होती.

"मंग मी बापाशी काय बोलू, तूच सांग," तो म्हणे.

म्हणे वरूडची मावशी तयार हाये. परवा पोरीले घेऊन येजो, मी सोडून देतो. तू बी जात जाशीन मधून मधून. त्याचा आवाज वाईट नव्हता. मी माह्या हाताकडे पाह्यलं, टाके घालून घालून बोटाच्या पेरात रुई बसलेली असते, ती निघत नाई. मी म्हटलं बरं.

पण मी गेली नाई.

शेवटच्या खोलीच्या शेजारची खोली रिकामी होती, ती घेतली. वस्तीतल्या एका बाईकडे शिलाई मशीन होती, तिच्याकडे फॉल-पिको करतो, ब्लाउज शिवतो, गादीची खोळ कोणी आणली तर नाई म्हणतो. पोरगी अंगणवाडीत जाते. मधात एकदा सर्दी झाली, छाती थोडी वाजली, पंपाचे दोन दम देल्ले अन् थांबली. म्हणजे शिट्टी तिच्यात हायेच, ती इथंही हाये. इथल्या डाक्टरीणबाईनंही तेच सांगतलं, बी रक्तातलं, पाणी रुईचं. पण पाणी नाई तर बी नुसतं पडून राहते, म्हणे.

सासूचा फोन आला होता. म्हणे बिमारी तुह्याच घरची अन् नखराही तुहाच. एका लेकरापायी तू भरलं घर मोडलं, वरूडले राजकुमारीसारखी राह्यली असती पोरगी. विहाराच्या बायाही दोन तऱ्हेनं बोलतात. एक म्हणते बरं केलं. दुसरी म्हणते नवरा दुसरी करन तवा समजन. मी एकदा बुढीले इचारलं का आजीनं काम सोडून का नाई देल्लं, गेली असती पोरीसोबत. तर म्हणे तिच्या जागी दुसरी बाई फाटकात उभीच राहे वं. अन् मंग दोघीनं काय खाल्लं असतं, भावाचं डोकं?

नवरा अजून आला नाई. दुकानात गर्दी हाये, आता दिवाळीनंतरचं सगळं काम. फोनवर पोरीशी बोलतो, ती त्याले इचारते, बाबा कवा येईन? तो म्हणते येतो. ती मले इचारते आपण घरी काहून नाई जात. मी तिले उद्याचं सांगतो, मंग परवाचं. खरं सांगायले बसली तर मले तिच्या बापाचंच नाव घ्यावं लागते, त्याच्या दुकानाचं, त्याच्या कपड्यावरच्या रुईचं. तिचं वय काय, ती काय समजन? अन् नाई सांगतलं तर मोठी होऊन ती कोणावर रागावन, माह्यावर का त्याच्यावर?

माही माय पाठवली म्हून जगली, अन् जगली म्हून मी हाये. हे मले आता समजते. पण ती मरेपर्यंत मायले टाकलेलीच राह्यली, हेही मी डोळ्यानं पाह्यलं हाये. पोरगी वरूडले जाती तर घर राह्यलं असतं. तिले घेऊन परत जाती तर तिघंही एका ठिकाणी राह्यलो असतो, जितके दिवस राह्यलो असतो तितके. मी तिसरंच केलं, अन् ते बरोबर हाये का मले माहीत नाई, मले रोज भीती वाटते.

तुमाले लेकरू असन. तुमी कोणतं केलं असतं?